फवारणीच्या विमानाचा लगाम

हल्लीं पिकांवर औषध फवारण्यास ड्रोन, म्हणजे बिनवैमानिकाचें लहान विमान, भाड्यानें मिळूं लागलें आहे. त्यास लगाम दोन असतात: चालकाच्या हातांतील यंत्राकडून येणाऱ्या रेडिओलहरी, व उपग्रहांकडून येणारे स्थानदर्शक संदेश. पहिल्या लहरी सांकेतिक भाषेंत नसल्यास त्रयस्थास त्यांची नक्कल करून हुकूम सोडतां येतात. दुसरे संदेश जमिनीवर येईतों अतिशय क्षीण होतात. म्हणून जवळून सोडलेला प्रबळ खोटा संदेश विमान खरा मानण्याचा संभव असतो.

जून २०१२ मध्यें अमेरिकेंतील टेक्सास विद्यापीठाचे प्राध्यापक टॉड हम्फ्रीज व त्यांचे विद्यार्थी यांनीं व्हाइट सँड्स येथें हें प्रयोगानें दाखविलें. अधांतरीं स्थिर असलेल्या लहान हेलिकॉप्टरास दुरून खोटे संदेश पाठवितांच, आपण वर चढत आहों असें समजून तें वेगानें खालीं येऊं लागलें. चालकानें वेळीं ताबा घेतला म्हणूनच तें वांचलें.

आपल्या शेतावर असें झाल्यास तणनाशक शेजाऱ्याच्या द्राक्षबागेवर किंवा विहिरींत पडेल. यास्तव भाडें ठरविण्यापूर्वीं दोन गोष्टी अवश्य विचाराव्या: हुकुमाच्या लहरी सांकेतिक आहेत काय? उपग्रहाचा आधार तोडून विमान हातानें चालवितां येतें काय? फवारणी चालू असतां चालकाची नजर विमानावरच असावी. बैल कितीही शिकलेला असला, तरी शहाणा शेतकरी कासरा सोडून औत हाकीत नाहीं.