रंगावर जाऊ नको

पोरा, खंबाटकी चढायच्या आधी शिरवळला चहाला थांबशील, तेव्हा रेडिएटरच्या टोपणाला हात लावू नको. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी दाबामुळं गप्प असतं; टोपण फिरवलंस की उसळून अंगावर येतं. माझ्या कोपरावरचा डाग त्याचाच. नुसती बाजूची बाटली बघ, पातळी खुणांच्या मध्ये आहे ना. टोपण सकाळी, गार इंजिनावर उघडायचं.

आपल्याकडं पाणी कुठं गोठतंय, मग कूलंट कशाला, असं मीही म्हणायचो. बोअरचं पाणी ओतायचो. किटलीच्या बुडाला बसतो तसा पांढरा थर ब्लॉकमध्ये बसला आणि घाटात काटा लालवर. पण खरी अद्दल घडवली लायनरनं, पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीनं. मोठ्या डिझेलचे लायनर बहुतेक ओले, म्हणजे त्यांच्या पाठीला थेट पाणी लागतं. दर ठोक्याला लायनर थरथरतो, पाण्यात बारीक बुडबुडे होतात, फुटतात, आणि लोखंडाला टाचणीनं टोचल्यागत खड्डे पडतात. खड्ड्याचं भोक झालं की पाणी ऑइलमध्ये. डिपस्टिक काढली तर दुधाचा चहा! इंजिन पूर्ण खोलावं लागलं.

ते टाळायचं औषध कूलंटमध्ये असतं. अवजड गाड्यांच्या जुन्या जातीत नायट्राइट असायचं. ते झिजतं, म्हणून दर दोनेक वर्षांनी बदली. ऑरगॅनिक ॲसिडवाली नवी जात जास्त टिकते. आणि रंग? तो नुसता रंग, कंपनीगणिक वेगळा. हिरव्यात लाल ओतून भेळ केलीस तर औषधाचा जोर जातो, कधी गाळही धरतो. डब्यावरची जात आणि गाडीच्या पुस्तकातली जात जुळव. दुकानदार "सगळं एकच" म्हणेल, त्याला इंजिन खोलायचं नसतं.

निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. तयार मिसळलेला डबा असला तर पाणी नको. दाट घातलं म्हणून जास्त चांगलं, असंही नाही. निम्मं-निम्मं उणे 37 पर्यंत तग धरतं. नुसतं ग्लायकॉल, म्हणजे बिनपाण्याचं कूलंट, उणे 13 च्या आसपासच गोठतं, वर उष्णताही कमी वाहून नेतं. लेहचं भाडं लागलं तर हे आठव.

काढलेलं कूलंट झाकून ठेव. गोड लागतं ते. आमच्या गॅरेजपुढचा काळू कुत्रा त्यानंच गेला. घमेलं मीच उघडं ठेवलं होतं.