जालन्याजवळचे बेथेल



मरीनाहून जेबेल अलीकडे गेले की निरनिराळ्या पंथांची चर्चे जवळजवळ उभी दिसतात. आपल्यापैकी काही कुटुंबे तेथे उपासनेला जातात. २०२२ पूर्वी येथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची असे, त्यामुळे बऱ्याच चर्चांची मोठी उपासनाही रविवारी न होता शुक्रवारी होई, हे ताई-दादांना आठवत असेल. या पंथांपैकी एकाचे नाव प्रेस्बिटेरियन. नाव अवघड, पण अर्थ सोपा आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'वडील'. या पंथात बिशप नसतो. मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक मिळून कारभार पाहतात. म्हणजे आपली पंचायतच म्हणा ना! स्कॉटलंडमध्ये हा पंथ मोठा, आणि तेथूनच तो आपल्या मराठवाड्यात, जालन्याला पोहोचला.

'जालना सोने का पालना' ही म्हण तुमच्या आजोबांना विचारा. ते गाव तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तेथे मंडळी उभी केली ती मात्र कोणा गोऱ्या साहेबाने नव्हे, तर नारायण शेषाद्री या मराठी माणसाने.

नारायण ब्राह्मण घरात जन्मले आणि मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि शहरात एकच खळबळ उडाली. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनरींच्या घरी राहायला गेला होता. तो अजून लहान होता. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलाला त्यांच्या स्वाधीन केले. पण प्रश्न तेथे मिटला नाही. परक्यांच्या घरी जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन घ्या. कर्मठ मंडळी म्हणाली, मुळीच नाही. शेवटी श्रीपतला प्रायश्चित्तासाठी काशीला नेण्यात आले. बाळशास्त्रींनी त्या वेळी दाखवलेले धैर्य आम्हांला फार मोठे वाटते. बिचाऱ्या श्रीपतला स्वतःला काय वाटत होते, हे मात्र या गदारोळात कोणी विचारले असेल का, कोण जाणे!

त्याच वर्षी तिकडे स्कॉटलंडच्या चर्चमध्येही फूट पडली. मंडळीचा पाळक नेमायचा कोणी, जमीनदाराने की मंडळीने, हा मोठा वाद होता. त्यातून 'फ्री चर्च' निघाले आणि मुंबईचे मिशनरी नव्या चर्चबरोबर गेले. नारायण १८५४ मध्ये याच फ्री चर्चचे पाळक झाले.

१८६० नंतरच्या दशकात त्यांनी जालन्याला काम सुरू केले. खेड्यापाड्यांतून जे लोक मंडळीत आले ते बहुतेक मांग आणि महार समाजांतले होते. गावात त्यांना पाणवठा बंद होता. धर्म बदलल्यावर तर राहणे आणखीच कठीण. म्हणून नारायणरावांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि जालन्याजवळ एक नवे गावच वसवले. त्याचे नाव बेथेल. हिब्रू भाषेत त्याचा अर्थ 'देवाचे घर'.

सगळे केवळ श्रद्धेनेच आले असे समजणे भाबडेपणाचे होईल. शाळा, जमीन, माणूस म्हणून मिळणारा मान, यांचीही ओढ असणारच, आणि त्यात गैर ते काय? प्रभुभोजनाच्या वेळी एकाच भाकरीचे तुकडे सर्वांनी खायचे असतात. त्या काळी ब्राह्मण घरात वाढलेल्या माणसाने मांगांबरोबर ते खाणे म्हणजे काय, याची कल्पना मुलांनो, तुम्हांला दुबईत बसून यायची नाही. पालकांनी ती अवश्य समजावून द्यावी.

नारायणराव १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत बोलले, तेही डोक्यावर पागोटे बांधून! धर्म बदलला तरी वेष आणि भाषा त्यांनी सोडली नाही. १८९१ साली समुद्रप्रवासात त्यांचे निधन झाले.

पुढे चर्चची नावे बदलत गेली. उत्तर भारतातल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्या १९२४ मध्ये इतरांशी जोडल्या गेल्या आणि १९७० मध्ये नागपूर येथे 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. त्यात बिशप आले, पण वडीलही राहिले. जालना स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८१ साली.

शब्दार्थ : मंडळी – चर्चचे सभासद (घरची मंडळी निराळी!). पाळक – मंडळीचा धर्मगुरू. मूळ अर्थ मेंढपाळ. उपासना – प्रार्थना, गीते व प्रवचन यांचा कार्यक्रम. प्रायश्चित्त – दोष घालवण्यासाठी केलेला विधी.

स्वाध्याय : 'वडील' या शब्दाचे दोन अर्थ वाक्यांत वापरा. श्रीपतच्या जागी तुम्ही असता तर कोर्टाला काय सांगितले असते, ते दहा ओळींत लिहा. मोठ्यांसाठी : तुमच्या गावात पाणवठे सर्वांना केव्हा खुले झाले? घरी फोन करून विचारा आणि पुढच्या वर्गाला लिहून आणा.