संभाषणाचे शिक्षण : तंजावरचा एक धडा

आपल्या शब्बाथशाळांतून मुलांकडून वचने पाठ करून घेतली जातात, गीते बसविली जातात. परंतु परक्या माणसाशी बोलावे कसे आणि त्याचे ऐकून घ्यावे कसे, यासाठी अर्धा तासही राखून ठेवलेला क्वचितच आढळतो. ते आपोआप येते, असे आपण धरून चालतो. प्रिय वाचकहो, ते आपोआप येत नाही. तंजावरच्या मराठी राज्यातील एक उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे जर्मन मिशनरी १७५० साली तरंगंबाडीस आले व १७७८ पासून तंजावरास राहिले. तमिळ तर ते शिकलेच. पण दरबारातील मंडळी मराठी बोलतात हे पाहून त्यांनी मराठीचाही अभ्यास केला. ऐकणाऱ्याने आपली भाषा शिकावी, अशी अपेक्षा त्यांनी धरली नाही. १७७९ साली मद्रास सरकारने त्यांना हैदर अलीकडे पाठविले. हैदरने वाटखर्चासाठी दिलेली रक्कम त्यांनी सरकारच्या हवाली केली आणि ती परत मिळाली तेव्हा तंजावरच्या अनाथ मुलांच्या शाळेसाठी राखून ठेवली. पुढे युद्ध व दुष्काळ आला. धान्य आणण्यास बैल हवे होते. पण राजाच्या शब्दावर रयतेचा भरवसा उरला नव्हता. श्वार्ट्झ यांनी स्वतःच्या नावाने पत्रे पाठविली, मोबदल्याची हमी दिली, आणि थोड्याच दिवसांत सुमारे १००० बैल मिळाले. गोड बोलणे पुष्कळांना साधते; बोललेले पाळले जाते हे लोकांनी वर्षानुवर्षे पाहिलेले असले, तरच अशा वेळी शब्दाला किंमत येते.

आता शिष्याकडे वळू. १७८७ साली तुळजाराजांनी दत्तक पुत्र शरभोजी याला श्वार्ट्झ यांच्या हाती सोपविण्याची इच्छा दर्शविली. त्यांनी ती जबाबदारी न घेता राजाचे बंधू अमरसिंह यांना पालक नेमावे असे सुचविले. हा सल्ला चुकला, असेच म्हणावे लागते. अमरसिंह स्वतःच गादीवर बसले आणि दहा वर्षांचा शरभोजी जवळजवळ कैदेत पडला : बंद खोली, ना शिक्षक, ना सोबती. ज्या वयात मूल माणसांत वावरून माणसे ओळखू लागते, त्या वयात त्याच्याभोवती भिंती होत्या. श्वार्ट्झ यांनी वारंवार रदबदली केली. अखेर १७९३ मध्ये मुलाला मद्रासला हलविण्यात आले व तेथे गेरिके या मिशनरींनीही त्याला शिकविले.

१७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारले. त्याच वर्षी शरभोजी गादीवर आले. ते हिंदूच राहिले. म्हणून गुरूचे श्रम वाया गेले, असे मानणारे आपल्यात आहेत; मला ते मान्य नाही. १८२६ साली भेटीस आलेल्या बिशप हेबर यांच्याशी हेच राजे लाव्हाझिए, लिनियस यांच्याविषयी सहज बोलले. गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे. मृत्युशय्येवरील श्वार्ट्झ यांच्या शेजारी राजे उभे आहेत.

आपली मुले मंडळीच्या कुंपणात वाढतात. तेही एक प्रकारचे बंद दालनच. शेजारच्या घरी लग्न असो वा मयत, आपण काय बोलावे हे त्यांना सुचत नाही, आणि मग साक्ष देण्याची भाषा पोकळ ठरते. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांचे ऐकत व त्यांना प्रश्न विचारीत बसला होता, असे लूक (२:४६) सांगतो. अम्माऊसच्या वाटेवरही उठलेल्या प्रभूने आधी विचारले, ते तुम्ही कशाविषयी बोलत आहात. शिकविणे नंतर झाले.

येत्या रविवारी हे करून पाहावे. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या जोड्या कराव्यात. एकाने आपल्या आईचा कालचा दिवस सांगावा. दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकावे, तीन प्रश्न विचारावे आणि मग ऐकलेले वर्गाला सांगावे. बरोबर सांगितले की नाही हे पहिल्यानेच ठरवावे. पुढच्या आठवड्यात हेच दुसऱ्या धर्माच्या एखाद्या शेजाऱ्याबरोबर करावे. मात्र त्या घरी जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी, आणि त्यांच्या घरची भाषा वेगळी असेल तर तिच्यातील नमस्कार तरी शिकून जावे. मूल अडखळले तर शिक्षकाने उत्तर पुरवू नये, थांबावे.