दूरचे दर्शन

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना वाशीम जिल्ह्यातील रिसोड येथे येते. टाळमृदंगांच्या गजराने वाट दुमदुमून जाते. परंतु २०२० साली करोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही. १ जुलैला आषाढी एकादशी आली, तेव्हा वारकऱ्यांनी घरीच पडद्यावर विठ्ठलाचे दर्शन घेतले.

हे कसे घडते? कॅमेरा समोरच्या दृश्याची सेकंदाला अनेक चित्रे टिपतो. त्या चित्रांचे अंकांत रूपांतर होते. हे अंक बारीक काचतंतूंतून प्रकाशाच्या रूपाने धावतात. तेथे प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो. म्हणूनच इटलीतील व्हेनिस या जुन्या नगरातील मुखवट्यांचा उत्सवही वाशीमला पाहता येतो. हिवाळ्यात तेथे दुपारचे बारा वाजतात, तेव्हा येथे साडेचार झालेले असतात.

या युक्तीचा आरंभ मोठा गमतीचा आहे. १९९१ साली इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात संशोधकांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखला. भांडे रिकामे असल्यास व्यर्थ पायपीट होऊ नये, एवढाच त्यांचा हेतू होता.

वारकऱ्याला मात्र ती पायपीटच प्रिय! ज्यांचे पाय थकले, त्यांना पडद्याचा मोठा आधार आहे. तरीही २०२२ साली पायी वारी पुन्हा सुरू होताच हजारो पावले पंढरीकडे वळली. पडद्यावर विठ्ठल दिसतो. पण वारीत सोबत चालणाऱ्याच्या पाया पडता येते, ते तेथे कसे साधावे?