उरले किती, गेले किती?

सरकारी कागदांतील इंग्रजीत मर्यादा किंवा घट सांगणारे शब्द वारंवार येतात. त्यांचा ढोबळ अर्थ सर्वांस कळतो; परंतु उरले काय आणि गेले काय, येथे गल्लत होते. विद्यार्थ्यांनी व पालकांनी पुढील भेद पाठच करावा.

५०० रुपयांची फी ‘रिड्यूस्ड बाय’ २०० असे लिहिले असेल, तर ती २०० रुपयांनी कमी झाली, भरावयाचे ३००. ‘रिड्यूस्ड टु’ २०० असेल, तर ती २०० वर आली. ‘बाय’पुढे गेलेला आकडा असतो, ‘टु’पुढे उरलेला. ‘रिस्ट्रिक्टेड टु’ याच रीतीने चालते. ‘द ग्रँट शॅल बी रिस्ट्रिक्टेड टु बुक्स’ म्हणजे मदत पुस्तकांपुरतीच मिळेल. ‘एक्सेप्ट’ याच्या उलट आहे. त्यापुढे येते ते वगळलेले.

या शब्दाचे मोल आपल्या गावास ठाऊक असावे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने नांदेड जिल्हा मुंबई राज्यात घातला. मात्र ‘एक्सेप्ट’पुढे देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे लिहिली होती. त्यामुळे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भैंसा आंध्र प्रदेशात, आदिलाबाद जिल्ह्यात आले. पुढे २०१४ साली ते तेलंगणात व २०१६ साली निर्मल जिल्ह्यात गेले.

त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५० अ आणले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न व्हावा, असे ते सांगते. पण त्यात ‘ॲट द प्रायमरी स्टेज’ हे शब्द आहेत; म्हणजे हे प्राथमिक शिक्षणापुरते. मराठी माध्यमिक वर्गासाठी अर्ज करताना हा आधार अपुरा पडतो. तेथे कलम ३० पाहावे. आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क ते भाषिक अल्पसंख्याकांस देते, आणि त्यास प्राथमिकची अट नाही. आपल्यासारख्या विश्वस्त संस्थांनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

तात्पर्य, सही करण्यापूर्वी ‘बाय’, ‘टु’, ‘एक्सेप्ट’ या शब्दांखाली रेघ ओढावी, आणि पुढे लिहिलेले उरले की गेले, ते शेजारी मराठीत लिहून ठेवावे.