व्यायाम केला, रिपोर्ट बिघडला!

पोलीस भरतीची तयारी करणारा बावीस वर्षांचा एक तरुण मध्यंतरी वडिलांबरोबर दवाखान्यात आला. हातात रक्ताचा रिपोर्ट. सीपीके १८००, सीके-एमबीही वाढलेले. "डॉक्टरसाहेब, पोराला अ‍ॅटॅक येऊन गेला म्हणतात, खरं का हो?" वडिलांचा आवाज कापत होता. चौकशी केली तेव्हा कळले, की चिरंजीवांनी दोन दिवसांपूर्वी मित्रांशी पैज लावून तीनशे जोर मारले होते! छाती बोटाने दाबली की दुखे, हात उचलला की दुखे. ईसीजी व्यवस्थित, ट्रोपोनिनही नॉर्मल. दुखत होते ते छातीचे स्नायू, हृदय नव्हे.

सीपीके हृदयात असते तसे हातापायांच्या स्नायूंतही असते. सवय नसताना जड व्यायाम केला की स्नायूंचे तंतू दुखावतात आणि ते रक्तात उतरते. एक ते चार दिवसांत ते सर्वाधिक होते, कधी हजारांच्या घरात जाते. सीके-एमबी मुख्यतः हृदयातले, पण थोडे इतर स्नायूंतही सापडते. एसजीओटीचेही तसेच, ते वाढले म्हणून उगाच यकृताला दोष दिला जातो.

हृदयाचा खास पुरावा म्हणजे ट्रोपोनिन. पण येथेही एक गंमत आहे. मॅरेथॉनसारख्या लांब धावेनंतर ठणठणीत धावपटूंचे ट्रोपोनिनही मर्यादेबाहेर जाते. फरक असतो तो काळाचा. धावेनंतरची वाढ काही तासांत माथ्यावर पोहोचते आणि बहुधा एक ते तीन दिवसांत ओसरते. हृदयविकाराच्या झटक्यात ती आठवडाभर किंवा अधिक रेंगाळते. म्हणूनच डॉक्टर काही तासांनी पुन्हा रक्त मागतात. पैसे उकळण्यासाठी नव्हे. एका आकड्यावरून चढ की उतार हे कळत नाही.

तरीही 'व्यायामाने वाढले' म्हणून रिपोर्ट कपाटात टाकू नये. नेदरलँड्समध्ये ३० ते ५५ किलोमीटर चाललेल्या ७२५ जणांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. चालल्यानंतर ज्यांचे ट्रोपोनिन मर्यादेबाहेर गेले, त्यांच्यात पुढील काही वर्षांत मृत्यू वा हृदयाचे गंभीर आजार २७ टक्के आढळले. इतरांत ७ टक्के. ही मंडळी बहुतेक पन्नाशी-साठीची होती. त्या वयात असा रिपोर्ट आला तर हृदयाची नीट तपासणी करून घ्यावी.

धावताना छातीवर दडपण आले, घाम फुटला, दम लागून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र हिशेब करीत बसू नका. थेट रुग्णालय गाठा. व्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण तेव्हा मूत्रपिंडाला धोका असतो. आणि रक्त देण्यापूर्वी, गेल्या आठ दिवसांत काय व्यायाम केला, हे न विचारताही सांगा.

आठवडाभर जोर बंद ठेवल्यावर त्या तरुणाचे सीपीके १६० वर आले. वडील आता त्याच्याबरोबर मैदानावर जातात, पैजा लागू नयेत म्हणून!