हिवाळ्यात खुराडं कोरडं ठेवा

दिवाळी सरली की निफाड, दिंडोरी, साक्रीपासून नवापूरपर्यंतच्या पट्ट्यात पहाटेचा पारा झपाट्याने उतरू लागतो. निफाडला तर डिसेंबर-जानेवारीत तो पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. आणि त्याच दिवशी दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो. पहाट आणि दुपार यांतला पंधरा-वीस अंशांचा फरक हीच कोंबड्या पाळणाऱ्याची हिवाळ्यातली मोठी अडचण आहे. बरेच जण पहाटेची थंडी तेवढी ध्यानात ठेवतात, नोव्हेंबरात शेडला चहूबाजूंनी प्लॅस्टिकचा कागद ठोकतात आणि तो थेट होळीला काढतात. मधे कोंबड्या शिंकू लागल्या की बोल थंडीला लावला जातो.

मोठ्या कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. पिसं फुगवून, पाय पोटाखाली घेऊन, शेजारणीला चिकटून बसली की ती आपली रात्र निभावून नेते. गावरान असो, वनराजा असो की गिरिराजा, अंगावर पुरती पिसं आलेला धडधाकट पक्षी नुसत्या थंडीने सहसा दगावत नाही. कोंबडीला सोसत नाही तो अंगावर येणारा वाऱ्याचा झोत आणि पायाखालची ओल. पिसांच्या आत अडकलेली हवा हीच तिची गोधडी. झोताने ती निघून जाते, ओलीने पिसं चिकटून ती साठतच नाही.

ही ओल येते कुठून, ते बघू. अंडी देणाऱ्या शंभर कोंबड्या दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी पितात. त्यातलं बहुतेक पाणी श्वासातून आणि विष्ठेतून पुन्हा शेडमध्येच येतं. उन्हाळ्यात ते वाऱ्याबरोबर जातं. हिवाळ्यात कागदाने शेड बंद केली की वाफ वर चढते, गार पत्र्याला लागते आणि पहाटे थेंबाथेंबाने खाली तुसावर पडते. सकाळी पत्र्याच्या आतल्या बाजूने पाणी टपकताना दिसलं तर समजा, हवा कोंडली आहे. ओल्या तुसात विष्ठा कुजते आणि अमोनिया सुटतो. आपण उभे असतो म्हणून तो आपल्याला कमी जाणवतो. पहाटे पडदे उघडायच्या आधी शेडमध्ये कोंबडीच्या उंचीला उकिडवं बसा आणि दोन-चार मिनिटं थांबा. डोळे चुरचुरले, तर कोंबडी रात्रभर त्यातच होती. या वायूने श्वासनलिकेचं आतलं अस्तर खराब होतं आणि सीआरडीसारख्या श्वसनाच्या रोगांना वाट मोकळी होते. वेगाने वाढणाऱ्या ब्रॉयलरमध्ये प्राणवायू कमी पडून पोटात पाणी साठण्याचे प्रकारही हिवाळ्यातच जास्त दिसतात.

म्हणून पडदा बांधण्याची रीत महत्त्वाची. पडदा खालून घट्ट असावा आणि वरचा एक-दीड फूट मोकळा राहावा. वाऱ्याचा झोत पक्ष्यांच्या डोक्यावरून जातो, गरम दमट हवा वरच्या फटीतून निघून जाते. पडदा वरून खाली सोडता येईल असा दोरीवर ओवला, तर फट कमी-जास्त करणं सोपं जातं. खालून वर गुंडाळायचा पडदा उघडला की पहिला झोत पक्ष्यांच्याच अंगावर येतो. बारदानाचा पडदा हवा थोडी आत-बाहेर करू देतो, म्हणून छोट्या खुराड्याला मी प्लॅस्टिकपेक्षा तोच बरा समजतो. मात्र तो दवाने भिजला तर वाळवावा लागतो. आपल्याकडे शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात ती उन्हाळ्यासाठी, पण हिवाळ्यातही ती कामाला येते. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. ऊन चढलं की दक्षिणेचा पडदा पूर्ण उघडा, ऊन थेट तुसावर पडू द्या. गार वारा बहुधा उत्तरेकडून येतो, तेव्हा ती बाजू दुपारपर्यंत अर्धी झाकलेली चालेल. हे रोजचं काम आहे. ज्याला रोज जमणार नाही त्याने वरची फट तरी कायमची ठेवावी.

खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा हिवाळ्यात चार ते सहा इंच असू द्या. एक-दोन दिवसांआड ते खालीवर करा. मूठभर तूस हातात दाबून सोडा: गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, दाबून सोडताच मोकळं झालं तर ठीक. पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस काढून टाका, गळकं भांडं त्याच दिवशी बदला. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात, आणि तो खर्च तुसाच्या पोत्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. परसातल्या कोंबड्यांसाठी रात्री बसायची दांडी लोखंडी पाइपची नको, दोनेक इंच रुंद लाकडाची हवी. बसल्यावर बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात.

पिलांचं गणित वेगळं. त्यांच्या अंगावर लव असते, पिसं नसतात, स्वतःची ऊब टिकवता येत नाही. पहिल्या आठवड्यात ऊब देणाऱ्या ब्रूडरखाली ३३ ते ३५ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत जायचं. हिवाळ्यात पिलामागे दोन वॅट धरा, म्हणजे शंभर पिलांना शंभर वॅटचे दोन बल्ब. बल्ब तारेचा, पिवळ्या उजेडाचाच हवा. एलईडीने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. पिलं येण्याच्या आदल्या दिवसापासून ब्रूडर चालू ठेवा, तूसही गरम व्हायला हवं. पुढे थर्मामीटरइतकीच पिलंही सांगतात. बल्बखाली ढीग करून बसली तर थंडी, लांब पळून चोची उघडल्या तर उष्णता, सगळी एकाच कडेला गेली तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय. रात्री वीज जाणार हे गृहीत धरूनच तयारी करा, कारण अंधारात गारठलेली पिलं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. पिलांभोवतीचं कुंपण, म्हणजे चिक गार्ड, गोल ठेवलं की कोपरा उरत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. निखाऱ्यांना धूर नसला तरी कार्बन मोनॉक्साइड सुटतो, आणि तो पिलांना तसाच राखणीला झोपलेल्या माणसालाही घातक असतो. घरात खुडूक कोंबडी असेल तर तिच्याइतका भरवशाचा ब्रूडर नाही, फक्त थंडीत तिच्याखाली आठ-दहाच अंडी ठेवा, सगळी पोटाखाली झाकली जातील एवढीच.

गारठ्यात पक्षी जास्त खातो, कारण खाद्याचा काही भाग अंग गरम ठेवण्यात जातो. संध्याकाळी कोंडायच्या आधी भरडलेला मका किंवा ज्वारी थोडी जास्त द्या. रात्रभर पचताना ऊब मिळते. टाकीतलं रात्रभर गार पडलेलं पाणी सकाळी पक्षी टाळतात आणि पाणी कमी प्यायलं की खाणंही कमी होतं. पहाटे विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी कोमट लागतं, तेच द्या. दिवस अकरा तासांवर आला की अंडी घटतात. व्यापारी लेयर कोंबड्यांना सोळा तास उजेड देतात, तो वाढवताना आठवड्याला अर्धा-पाऊण तास असा हळूहळू वाढवतात. परसातल्या दहा कोंबड्यांसाठी मात्र हा खटाटोप करू नये. या दिवसांत जुनी पिसं गाळणारी कोंबडीही अंडी थांबवते, तो रोग नव्हे.

मानमोडीची लस राहिली असेल तर कडाका वाढण्याआधी पशुवैद्यकाला विचारून टोचून घ्या. निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात, त्यांच्यातून बर्ड फ्लू येऊ शकतो. अशा पाणथळ जागांजवळ कोंबड्या, बदकं मोकळी सोडू नका आणि तिथलं पाणी त्यांना पाजू नका. २००६च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरलाच आढळला होता. एकाच दिवशी बरेच पक्षी मेले, तर मेलेल्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नका, उरलेले विकायला काढू नका, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा.